पप्पांचा डावा हात

पप्पा नरकात जाणार, हे मला पहिलीत असल्यापासून माहीत होतं. रविवारच्या शाळेत ताईंनी फळ्यावर दोन वाटा काढल्या, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद वाटेच्या टोकाला लाल खडूनं ज्वाळा काढल्या आणि विचारलं, कुणाच्या घरात कोण अजून तारलेलं नाही? मी हात वर केला आणि म्हणाले, पप्पा. ताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्या पोरांना डोळे मिटून माझ्या पप्पांसाठी प्रार्थना करायला लावली. घरी आले तर पप्पा दारात बसून माझ्या शाळेच्या बुटांना पॉलिश करत होते. मी त्यांच्या पायांकडं बघत उभी राहिले. ते कधी पेट घेतील याचा नेम नाही, असं मला खरंच वाटत होतं.

आमचं घर मंगळवार पेठेत. पप्पा दुधाचा टँकर चालवायचे आणि आई घर बघायची. ती मूळची पेठ वडगावची, शेतकऱ्याची लेक. माझ्या जन्मानंतर तिचं अंगावर जाणं थांबेना. डॉक्टर झाले, नवस झाले, नृसिंहवाडीला जाऊन झालं. शेवटी शेजारच्या एका नर्सबाईनं तिला प्रार्थनेला नेलं, आणि आठ दिवसांत ती बरी झाली. मग काय, आई प्रभूची झाली ती झालीच. पप्पांनी आडकाठी केली नाही. बायको वाचली, मग कुणी का वाचवेना, असा त्यांचा हिशेब. स्वतः मात्र ते होते तसेच राहिले. पौर्णिमेला वाडीला जायचे, पेढे आणायचे. मूर्तीपुढं ठेवलेलं आई तोंडात घालत नसे, मलाही घालू देत नसे. पप्पा बाहेर कट्ट्यावर बसून गल्लीतल्या पोरांना पेढे वाटायचे आणि उरलेला एकटेच खायचे. ते मला आत्ता आठवलं तरी राग येतो. कुणाचा, ते विचारू नका.

दर रविवारी ते आईला आणि मला स्कूटरवरून मंडळीत सोडायचे. आमची मंडळी म्हणजे एका टायरच्या दुकानावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, एक ढोलकी आणि खालून येणारा रबराचा वास. पप्पा खाली चहाच्या गाड्यावर दोन-दोन तास थांबायचे. वर या की, असं आई वर्षानुवर्षं म्हणत आली. ते म्हणायचे, मी वर आल्यावर खाली स्कूटर कोण राखणार? आई हसायची नाही.

आमचे पास्टर कुणी आरडाओरडा करणारे नव्हते, हे मुद्दाम सांगते. बारीक अंगाचे, पूर्वी शाळेत मास्तर असलेले, सावकाश बोलणारे. ते शिकवायचे ते मला आजही तोंडपाठ आहे. माणूस पापातच जन्मतो. देव पवित्र आहे, तो पापाची शिक्षा सोडून देऊ शकत नाही. ती शिक्षा प्रभूनं वधस्तंभावर आपल्या जागी स्वतः सोसली, रक्त सांडलं, तिसऱ्या दिवशी उठला, आणि एक दिवस परत येणार आहे. जो पश्चात्ताप करून त्याला स्वतःचा म्हणून स्वीकारतो त्याचा नवा जन्म होतो. ते फुकट आहे, कृपा आहे. जो स्वीकारत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट, आणि ती संपत नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यालाही यातून सुटका नाही, ज्याचं त्यानंच उत्तर द्यायचं. आणि श्वास आहे तोवर दार उघडं.

माझं एकाच ठिकाणी अडायचं. मी अकरावीत होते त्या वर्षी पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. पप्पा चार दिवस होडीवर होते. म्हातारी माणसं, बाळंतिणी, एकदा तर एक आख्खी म्हैस, असं काय काय काढून आणलं. पायाची कातडी सोलून निघाली होती. मी पास्टरांना विचारलं, एवढं करूनही? त्यांनी चष्मा काढला, पुसला. खूप मायेनं म्हणाले, बाळ, तुझ्या पप्पांइतका चांगला माणूस मला या पेठेत दाखव. पण चांगुलपणानं कुणी तिथं जात नाही. जाता आलं असतं तर प्रभूला मरावं लागलं नसतं. मला ते पटलं, हीच तर पंचाईत. ओरडून सांगितलं असतं तर मी भांडले असते.

शुक्रवारी बायकांची उपास-प्रार्थना असायची. तिथं स्टीलचा एक डबा होता. ज्यांच्या घरचं माणूस अजून तारलेलं नाही त्या बायका त्याच्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकायच्या. दर शुक्रवारी प्रत्येकीनं एक चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर, भाकरी थापताना, नळावर, बसमध्ये, त्या नावासाठी रडायचं. होय, रडायचंच. ते माणूस तारलं गेलं की सगळ्यांसमोर चिठ्ठी फाडायची आणि गोड वाटायचं. पप्पांची चिठ्ठी डब्यात तीस वर्षं होती. कागद झिजला की आई नवा लिहायची. पप्पांना हे ठाऊक होतं. ते मला डोळा मारून विचारायचे, काय, माझी लॉटरी लागली का न्हाई अजून?

मी मोठी झाले, लग्न केलं, ते मोडून परत आले. ते प्रकरण इथं सांगत बसत नाही. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं, ब्लाउज शिवायला लागले. मंडळीत जायचं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगायची, माझा काही विश्वास नाही बाई त्यात. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहेच, त्यामुळं कुणी पुन्हा विचारत नसे. मला वाटायचं, मी त्यातनं सुटले.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी पप्पा मोरीत पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव आहे, पुढचे काही दिवस काही सांगता येत नाही. कुठल्याही बाईनं विचारलं असतं, वाचतील ना? आईनं विचारलं, "डॉक्टर, त्यांना ऐकू येतंय का?" डॉक्टर म्हणाले, येत असावं. आई भिंतीला टेकून तिथंच खाली बसली. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं.

दोन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. बाकावर बसून एकसारखी पुटपुटत होती. मी जवळ गेले की माझं मनगट धरायची आणि म्हणायची, त्यांनी तोंडानं कबूल करायला पायजे गं, आणि तोंडच गेलं. तीस वर्षं ती ज्याला भीत होती ते असं समोर येऊन उभं होतं. ती नुसती मरणाची भीती असती तर मी तिला धीर दिला असता. पण त्या भीतीपुढं कसला धीर द्यायचा?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला, भेटायच्या वेळेत, पास्टर आले. आयसीयूत दोघांनाच सोडत होते. मी सिस्टरच्या हातापाया पडून पाच मिनिटांसाठी तिघांची परवानगी काढली. पास्टर म्हणाले, बोलता येत नसलं तरी चालेल, हातानं खूण केली तरी देव मन बघतो. आईनं पप्पांचा हात धरावा आणि त्यांनी दाबावा, असं ठरलं. पण आईचे हात इतके कापत होते की तिला काय कळणार? मग तो हात माझ्याकडं आला. डावा. तो शाबूत होता. आदल्याच दिवशी पप्पांनी त्याच हातानं नाकातली नळी ओढून काढली होती.

पास्टर त्यांच्या कानाशी वाकले. घाई केली नाही. आपण सगळे पापी आहोत, तुमची शिक्षा प्रभूनं घेतली आहे, तो जिवंत आहे, तुम्हाला फक्त हो म्हणायचं आहे, असं सावकाश सांगितलं. मग म्हणाले, मान्य असेल तर पोरीचा हात दाबा.

मी वाट बघितली. पप्पांचा हात कोमट होता, स्टिअरिंगनं पडलेले घट्टे माझ्या तळव्याला लागत होते. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडं बघत होते. पास्टरांनी पुन्हा विचारलं. बोटं माझ्या बोटांत नुसती पडून राहिली. मी मान वर केली. आई पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी कड धरून उभी होती. ती पप्पांकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. मी आजवर माणसं मेलेली बघितली आहेत, पण तसं तोंड कुणाचं बघितलेलं नाही.

"दाबला," मी म्हणाले.

आईच्या तोंडून असा आवाज निघाला की सिस्टर धावत आली. बाहेर आल्यावर आईनं माझ्या कपाळाचा मुका घेतला, मला वाटतं मी सहा-सात वर्षांची झाल्यापासून पहिल्यांदाच. कॅन्टीनमध्ये तिनं दोन इडल्या खाल्ल्या, वर चहा घेतला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, एका शब्दानं एवढं होत असेल तर बोलावं की खोटं. कुणाचं काय गेलं?

पुढचा दिवस शुक्रवार. आई दवाखान्यातून थेट मंडळीत गेली. मी तिला सोडायला गेले होते, म्हणून वर थांबले. तिनं डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या उलथ्यापालथ्या करून पप्पांची चिठ्ठी काढली आणि उभं राहून फाडली. बायका रडल्या, गायल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणीतरी खाली जाऊन बर्फी आणली. माझ्याही हातावर एक तुकडा ठेवला.

परतीच्या वाटेवर मी बिंदू चौकात सिग्नलला थांबले आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख झालं. पप्पा अजून जिवंत आहेत. म्हणजे पास्टरांच्या शिकवणुकीप्रमाणं दार अजून उघडं आहे. आणि तीस वर्षं त्या दाराशी बसलेल्या पंचवीस बायकांना मी एका शब्दात घरी पाठवून दिलं आहे. आता कुणी मागणारंच उरलं नाही. आईसुद्धा आता मागत नव्हती, नुसते आभार मानत होती. सिग्नल सुटला, मागची माणसं हॉर्न वाजवायला लागली, एकानं तर शिवीच घातली. मला गाडी सुरू करता येईना. माझा विश्वास नाही, असं म्हणणारी मी. कशाचं काय! तो फळा, तो लाल खडू, सगळं जिथल्या तिथं होतं.

त्या दिवसापासून मी एकटीनं सुरू केलं. बाह्या जोडताना, हुक लावताना, मनातल्या मनात पप्पांचं नाव घेत होते. मला धड मागताही येत नव्हतं. तीन दिवसांत दोन ब्लाउज बिघडवले आणि वर गिऱ्हाइकांनाच झापलं.

सातव्या दिवशी पप्पांना साध्या वॉर्डात हलवलं. वाचा थोडी थोडी परत येत होती, तुटकी, लाळेतून. आई त्यांना काहीच विचारत नव्हती. विचारायचं राहिलं होतं कुठं? त्यांचे केस विंचरायची, गाणी म्हणायची, प्रभूनं तुम्हाला धरलंय म्हणायची. ते ऐकून घ्यायचे. तिसऱ्या प्रहरी ती अंघोळीला घरी गेली आणि मी त्यांना चमच्यानं तांदळाची पेज भरवायला बसले. दोन चमचे घेतल्यावर ते म्हणाले, "म्या... दाबला न्हाई."

मी म्हणाले, माहीत आहे. आईसाठी बोलले.

त्यांनी मान हलवली. अर्ध्या तोंडानं हसलेसुद्धा. त्यांना राग नव्हता, उलट बरंच वाटलं असावं. इथं मी गप्प बसायला हवं होतं. इतकं सोपं होतं ते. पेज भरवायची, तोंड पुसायचं, आई येईपर्यंत वारा घालायचा. पण माझ्यात तीन दिवसांची भीती साठली होती, आणि तोंड तर माझं हे असं. मी वाकून म्हणाले, "पप्पा, मग आता म्हणा की एकदा. नुसतं हो म्हणा. मनातल्या मनात म्हणा."

त्यांचं हसू गेलं. एकेक शब्द ओढून काढत त्यांनी विचारलं, "तुला बी... वाटतंय व्हय... म्या तिकडं जाणार?"

काही नाही, फक्त "नाही" म्हणायचं होतं. चारच दिवसांपूर्वी मी याच्यापेक्षा मोठं खोटं बोलले होते, तेही पास्टरांदेखत, आणि जीभ अडखळली नव्हती. हे तर कदाचित खोटंही नसेल. पण तो शब्द आला नाही. मी खाली बघून वाटीतली पेज ढवळत बसले. ते वाट बघत होते, मला कळत होतं. मी चमचा भरून पुढं केला तेव्हा त्यांनी तोंड मिटलेलं होतं. म्हणाले, "बास." आणि मान खिडकीकडं वळवली.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आईच्या हातून खात होते. मी उशी सारखी केली तर करू द्यायचे, पण माझ्याकडं बघायचे नाहीत. आईला वाटलं ते थकले आहेत. तीस वर्षं त्या घरात एक माणूस आपल्या बाजूनं आहे, असं ते धरून चालले होते. आई मंडळीची, पण पोरगी आपली. बाहेर कट्ट्यावर बसून मला डोळा मारायचे, ते त्याच भरवशावर. तो भरवसा मी त्यांना मरायच्या दोन दिवस आधी मोडून दिला.

नवव्या दिवशी सकाळी अकराला दुसरा झटका आला आणि पप्पा गेले.

गावाकडनं धाकटे काका आले, सोबत भावकी. आईनं सांगितलं, त्यांना मातीत ठेवायचं, ते प्रभूचे झालेत. पास्टरांनी जुन्या चर्चच्या लोकांना गाठून दफनभूमीत जागा मिळवली होती. बाप्तिस्मा झाला नाही, असं कुणीतरी काढलं, तेव्हा पास्टर म्हणाले, प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर होता त्या चोराचा तरी कुठं झाला होता? काका भडकले. वहिनी, आमच्यात जाळत्यात, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन करत्यात, माझ्या भावाचं मी बघतो, असं दारात उभं राहून मोठ्यानं बोलले. गल्ली गोळा झाली. आई अजिबात चिडली नाही. ती शांतपणे म्हणाली, मला न्हाई, हिला विचारा, हात हिच्या हातात व्हता.

काका माझ्याकडं वळले. हा माणूस मला खांद्यावर घेऊन उसाच्या फडात हिंडलेला. आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाची शपथ हाय. दाबला व्हता हात?"

बाप समोर कापसाचे बोळे नाकात घालून झोपलेला. पप्पांना जाळायला हवं होतं. त्यांच्या आईवडलांना जिथं जाळलं तिथं, पंचगंगेच्या काठाला. मी नाही म्हटलं असतं तर पप्पांना त्यांचं मिळालं असतं, आणि आई तिथंच, त्या दारात, जिवंतपणी त्या आगीत गेली असती. मी म्हणाले, व्हय, दाबला. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि गेले. मातीला थांबले नाहीत. आमच्या घरी परत आलेले नाहीत.

आता वर्ष होत आलं. मंडळीत माझी साक्ष फार गाजली. शेवटच्या घटकेलाही कृपा पोचते, याचा दाखला म्हणून पास्टर ती सांगतात. दोन म्हातारे ती ऐकून विश्वासात आले, असं आई अभिमानानं सांगते. रात्री झोप लागते, जेवण जातं, ब्लाउजची मापं चुकत नाहीत. पण आईला जरा धाप लागली की मी हातातलं काम टाकून धावते. ते तिच्या काळजीनं, असं सगळ्यांना वाटतं. तिचं हृदय अशक्त झालंय, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. ती मात्र मजेत आहे. जिन्यावर दम लागला की पायरीवर बसते आणि माझी तयारी झालीय म्हणते. मरणाला इतकं न भिणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. उलट मीच तिच्या मरणाला भीत बसले आहे, आणि का, ते तिलाच सांगता येत नाही.

परवा दुपारी मी मशीनवर होते. आई शेजारी बसून लसूण सोलत होती. मधेच हसली आणि म्हणाली, तिथं गेल्यावर आधी प्रभूच्या पायावर डोकं ठेवणार, आणि मग पहिल्यांदा तुझ्या पप्पांना हुडकणार. केवढीबी गर्दी असू दे, चालण्यावरनं वळखीन.

मला राहवलं नाही. मशीन थांबवून मी विचारलं, "आणि नाही दिसले तर?"

आईनं वर बघितलं. थट्टा करतेय असं वाटलं तिला.

"न्हाई कसं दिसतील? तूच हात धरला व्हतास की," ती म्हणाली, आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.